दाढीआडचा गळा

सोमवार, दिनांक १७ मार्च १९८६. दुपारी एक वाजून बारा मिनिटांनी रेडिओवरच्या मलय बातम्यांत चार वाक्ये वाचली गेली. पहिल्यात, जुन्या जमान्यातले लोकप्रिय नट जोहारी मर्दान यांचे सकाळी निधन झाले असे होते. दुसऱ्यात त्यांचे वय होते, चौसष्ट. तिसऱ्यात, त्यांनी एकेचाळीस चित्रपटांत नायकाची कामे केली आणि स्वतःच्या आवाजात अनेक अवीट गाणी गायिली, असे होते. चौथ्यात, दफन आजच, असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरीच्या, नमाजानंतर. मग निवेदिकेने गळा साफ केला आणि दोन मिनिटे एक्कावन्न सेकंदांचे एक गाणे लावले. साब्तू रावी त्या वेळी तोआ पायोहच्या आठव्या मजल्यावरील घरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेंगण्या स्टुलावर बसून चहा पीत होता. गाण्याची पहिली ओळ सुरू झाली आणि त्याच्या छातीच्या पिंजऱ्यात डावीकडे एक स्नायू आपोआप आकसला. ओळ संपून श्वास घ्यायची जागा आली तेव्हा त्याने श्वास घेतला. तेहेतीस वर्षांपूर्वी त्याने तो तिथेच घेतला होता. दुसरी जागा तिथे नव्हतीच.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्याची बायको जारिया सुक्या बारीक मासळीची डोकी खुडत होती. तिची बोटे थांबली. गाणे संपेपर्यंत ती हलली नाही.

"गेला बिचारा," ती म्हणाली. "असा गळा पुन्हा व्हायचा नाही, बांग." बांग म्हणजे दादा; नवऱ्याला ती अशीच हाक मारी.

"नाही व्हायचा," साब्तू म्हणाला.

"तुम्ही तर शेजारी उभे असायचात. ऐकताना अंगावर काटा यायचा की नाही?"

"काम असायचं. दाढीला गोंद लावलेला असायचा. खाज यायची."

"तुम्हाला मेली नेहमी खाजच आठवते," जारिया म्हणाली आणि बाहीने डोळे पुसून तिने पुढचा मासा उचलला.

त्याने कप खाली ठेवला. कपाचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला, निदान त्याला तसे वाटले. 'जोहारी जिवंत असेतो.' हे शब्द चिकगू सुहोर यांचे. चिकगू म्हणजे मास्तर. पासिर पांजांगच्या किनाऱ्यावर चेंडरावासिह स्टुडिओची जी पत्र्याची शेड होती, तीत पाच-सात वादक, एक ध्वनिमुद्रक आणि एक मायक्रोफोन एवढ्या सामग्रीवर चिकगूंनी सोळा वर्षे संगीत दिले. भिंतींना आतून जुनी ब्लँकेटे खिळ्यांनी ठोकलेली असत. भरतीच्या वेळी समुद्राचा आवाज येई म्हणून ध्वनिमुद्रणाची वेळ ओहोटीचे कोष्टक पाहून ठरे. त्या शेडमध्ये, खोबरेल तेलाच्या आणि ओल्या लोकरीच्या वासात, चिकगूंनी त्याला एकदा बाजूला घेतले होते. "हे बघ साब्तू, लोकांना गळा आणि चेहरा एकाच देहात हवा असतो. तुझा चेहरा देवाने केला तेव्हा त्याच्या हातात फार कामं होती. जोहारीचा गळा केला तेव्हाही. दोघांनी मिळून एक पुरा माणूस होतो. जोहारी जिवंत असेतो हे बाहेर जाणार नाही, असं मला वचन दे." त्याने दिले. वचन द्यायला काही लागत नाही, एवढीच त्याची त्या वयातली समजूत होती. चिकगू गेले, ध्वनिमुद्रक गेला, वादक पांगले आणि गेले. आज सकाळी जोहारी गेला. म्हणजे एक वाजून बारा मिनिटांपासून, किंवा काटेकोर बोलायचे तर सकाळपासूनच, साब्तू रावी मोकळा होता, आणि बातमी येईतो ते त्याला ठाऊक नव्हते.

मोकळेपणा इतका हलका असतो हे त्याला कुणी सांगितले नव्हते. आंघोळ करताना, डोक्यावर पाण्याचे टमरेल रिकामे करताना त्याला वाटले, आपण नुसते स्वयंपाकघरात जाऊन सांगावे: तो मी. मासळीची डोकी खुडता खुडता ती वर पाहील. मग काय होईल? ती हसेल. त्याचा आताचा आवाज हा सुक्या झावळीवर पाय पडल्यासारखा होता. 'झोपेत घोरता तेव्हाही जोहारीच असता वाटतं,' असे काहीतरी ती म्हणेल. पुरावा काय? कागद नाही, तबकडीवर नाव नाही, साक्षीदार नाही. एक श्वासाची जागा तेवढी होती, आणि ती त्याच्या फासळ्यांत होती.

सत्ताविसाव्या वर्षी त्याला पहिली दाढी चिकटली. त्याआधी तो फिरत्या संगीत नाटक मंडळीत होता. तिथे पडदे बदलेपर्यंत प्रेक्षकांना धरून ठेवायला पडद्यापुढे येऊन एकट्याने गायचे असे, आणि मागून ठोकाठोकीचा आवाज थांबला की गाणे तोडून आत पळायचे. त्याची कितीतरी गाणी अशी दुसऱ्या कडव्यात संपली. चित्रपटात आल्यावर दिग्दर्शकाने त्याच्या खोल गेलेल्या गालांकडे आणि जाड भुवयांकडे पाहिले व रंगभूषाकाराला सांगितले, "हा बाप." त्या दिवसापासून स्टुडिओ बंद पडेपर्यंत तो बाप होता, गावचा मुखिया होता, क्रूर मामा होता, नायिकेला म्हाताऱ्या सावकाराला देणारा आजोबा होता, आणि दोनदा तो सावकारही होता. अकरा वेळा मेला. पडद्यावर तो एकदाही तरुण नव्हता. जोहारी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा. तरी जोहारीने चौदा चित्रपटांत त्याचे पाय धरले होते. त्याच्या स्वतःच्या नावावर सहा गाणी होती, सगळी म्हाताऱ्याची. ती गाताना तो गळा मुद्दाम कापरा करी, शेवटचा स्वर ओघळू देई, आणि वर्तमानपत्रे लिहीत, वृद्ध नट साब्तू रावी यांच्या थकल्या स्वरातही गोडवा आहे. आता तो एकसष्ट वर्षांचा होता. आरशात पाहताना त्याला वाटे, हा चेहरा आपण फार पूर्वी वापरून झिजवलेला आहे.

बसमध्ये जारिया खिडकीशी बसली. तिने पांढरी ओढणी घेतली होती आणि मांडीवर घरून आणलेल्या केवड्याच्या पानांची पुडी होती. बाहेर ऊन होते, पण काचेतून ते जुन्या फिल्मसारखे दुधट दिसत होते. झाडे, दुकाने, सायकली एकमेकांत विरघळत मागे जात होत्या. त्या दुधट उजेडात त्याला पाठीवर तळहात जाणवला. जोहारीचा. गाण्यावर ओठ हलवायचे तर श्वास कुठे पडतो ते कळायला हवे, आणि जोहारीला तालाचे अंग अजिबात नव्हते. म्हणून चित्रणाच्या आदल्या दिवशी तो साब्तूला समोर उभे करी, मागून त्याच्या दोन खांद्यांमध्ये पंजा ठेवी आणि म्हणे, "गा." साब्तू गाई. पंजा वर जाई, खाली येई. दहा वेळा, वीस वेळा. मोठा, कोरडा, ऊबदार पंजा. "आता आलं," जोहारी म्हणे, आणि खरोखरच आलेले असे. पडद्यावर त्याचा श्वास इतका अचूक पडे की ध्वनिमुद्रकही फसे. त्या पंजाखाली उभे असताना साब्तूला कधी चोरी झाल्यासारखे वाटले नाही. ते नंतर, चित्रपटगृहात, अंधारात वाटे.

आणि दिव्याच्या गाण्याच्या वेळी तर प्रत्यक्ष चित्रणातच वाटले होते. रेडिओवर आज लावले ते. खाडीच्या मुखाशी उंच खांबांवरचे घर; जिन्याच्या तळाशी कंदील घेऊन उभा बाप; पाण्यात होडी, होडीत नायक. नायक गातो की नदीमुखाशी दिवा लावून ठेव, ओहोटी मला नेईल पण भरती मला आणील. बापाने ते ऐकून जळायचे असते. कर्ण्यातून साब्तूचा गळा सोडलेला होता आणि साब्तू, गालांवर वाळलेला गोंद घेऊन, आपलाच गळा दुसऱ्याच्या तोंडून निघताना ऐकत होता व हुकमाप्रमाणे त्याचा द्वेष करीत होता. दिग्दर्शक खूष झाला. "असे डोळे मी सहा महिने मागतोय," तो म्हणाला. त्या चित्रपटासाठी साब्तूची फार वाखाणणी झाली. असूयेचा इतका अस्सल अभिनय पूर्वी झाला नव्हता म्हणे.

"बांग, उतरायचं," जारिया म्हणाली. "कुठे गेला होतात?"

"इथेच."

सिग्लापला जोहारीच्या घरासमोर ताडपत्रीचा मांडव घातलेला होता. खुर्च्यांवर जुनी माणसे बसली होती, आणि ती सगळी त्याला आधी तरुण दिसली, मग हळूहळू म्हातारी झाली. फाटकाशीच बुसू भेटला. बुसूने आयुष्यभर नायकाच्या नोकराचे काम केले होते आणि अजून त्याच्या खांद्याला तो बाक होता.

"ये, ये. तुला अकरा वेळा पुरलं आम्ही. आज पहिल्यांदा दुसऱ्याची पाळी," बुसू हळूच म्हणाला.

"बाराव्यांदा तू उचलणार आहेस. पाठ जप."

"मी? माझी पाठ तुझ्या मालकिणीच्या पेट्या वाहून गेली, पंचावन्न साली. काय गं जारिया, काय भरलं होतंस त्या पेटीत?"

"दगड," जारिया म्हणाली. "म्हाताऱ्याशी लग्न करते म्हणून गावच्या पोरींनी मारलेले." आणि ती आत बायकांत गेली.

जोहारीला पुढच्या खोलीत ठेवले होते. पांढऱ्या कापडांत गुंडाळलेला, कापराचा वास, आणि चेहऱ्यावरचे कापड बाजूला केलेले, शेवटचे पाहणाऱ्यांसाठी. हनुवटीखालून डोक्यावर एक पट्टी बांधली होती, जबडा उघडू नये म्हणून. साब्तू गुडघे टेकून बसला. किती वेळ बसला ते त्याला कळले नाही. त्याला पहिल्यांदाच ते तोंड मिटलेले दिसत होते, अशी एक विचित्र भावना झाली. दर ईदच्या दुसऱ्या दिवशी हे तोंड त्याच्या दारात येई, दोन्ही हात पुढे करी आणि सगळे म्हणतात तेच म्हणे: प्रकट आणि अंतरीचे जे काही असेल त्याची क्षमा. साब्तूही तेच म्हणे. तेहेतीस वर्षे. अंतरीचे म्हणताना जोहारी किंचित थांबत असे का? थांबत असेल. किंवा नुसता दमत असेल. जिना चढून येई. या माणसाशी आपण इतके बोललो आणि तेवढेच बोललो नाही, याचे साब्तूला आता नवल वाटले. पट्टीची गाठ डोक्यावर नीट, चपटी बांधलेली होती.

आतल्या खोलीच्या दाराला नुसता पडदा होता. पलीकडे बायका हलक्या आवाजात बोलत होत्या. त्याने जारियाचा आवाज ओळखला. ती जोहारीच्या विधवेशी, काक मेरियमशी, म्हणजे मेरियमताईशी, बोलत होती.

"आज रेडिओवर दिव्याचं गाणं लावलं, काक."

"ऐकलं ग. माझ्या नणंदेनं बंद केला रेडिओ. मी म्हटलं, राहू दे."

"तुम्हाला एक सांगू? हसू नका. आमच्या गावी, बातू पाहातला, मी ते चित्र नऊ वेळा पाहिलं होतं. आत्या म्हणायची, पोरगी खुळी झाली. मग यांचं स्थळ आलं. सगळ्या म्हणाल्या, अगं, तो बाप, तो दाढीवाला, त्या चित्रातला. मी अर्धा दिवस रडले. पण मग वाटलं, हा माणूस त्या गाण्याच्या वेळी तिथे जिन्याखाली उभा होता. त्याच्या कानात ते पहिल्यांदा गेलं. म्हणून हो म्हटलं. खरं सांगते, मी माणसाला नाही, त्या गाण्याला हो म्हटलं."

"साब्तूला सांगितलंस कधी?"

"काय सांगायचं? त्यांना खाज आठवते."

पडद्याआड दोघी हसल्या, रडणाऱ्या बायका हसतात तसे, नाकातून. साब्तूला वाटले की जमीन थोडी हलली, होडीचा तळ हलतो तशी. जिन्याखाली कंदील घेऊन उभा असलेला तो माणूस, जो एकतीस वर्षे या बाईच्या शेजारी स्वतःला भाड्याचा समजत होता, त्यानेच तिला पडद्यावरच्या त्या होडीतून हाक मारली होती. तिने ऐकले होते, आणि ती आली होती. मध्ये एक दुसऱ्याचे तोंड होते, एवढेच. आणि ते तोंड आता पट्टीने बांधलेले होते.

सव्वाचारला जोहारीचा थोरला मुलगा हाशिम मांडवात येऊन उभा राहिला. माणसे उठली. आतून बायका पडद्याशी आल्या. जनाजा उचलण्याआधी वारसाने जे विचारायचे असते ते त्याने विचारले. आवाज स्थिर ठेवण्याचा तो प्रयत्न करीत होता. "माझ्या वडिलांनी कुणाचं काही खाल्लं असेल, प्यायलं असेल, न विचारता वापरलं असेल, कुणाला शब्दानं दुखवलं असेल, तर ते हलाल करा. सोडून द्या. आणि कुणाला सोडवत नसेल, कुणाचं काही त्यांच्याकडे राहिलं असेल, तर आत्ता सांगा. आम्ही मुलं ते परत करू. त्यांना अडकलेलं ठेवू नका."

मांडवाची ताडपत्री वाऱ्याने फुगली आणि बसली.

"माझं एक सारोंग," बुसू मागून म्हणाला. "हिरव्या चौकड्याचं. सत्तावन्न साली नेलं, दुसऱ्या दिवशी देतो म्हणाला. हलाल."

माणसे हसली. हाशिमही हसला आणि मग त्याला रडू आले. "हलाल, हलाल," सगळीकडून आवाज उठले. साब्तू दुसऱ्या रांगेत होता. वर्तमानपत्राचा एक तरुण वहीत लिहीत होता. पडद्याशी जारियाची पांढरी ओढणी दिसत होती. आता. हीच जागा. चिकगू अशा वेळी दोन बोटे वर धरीत. ती खाली आली की स्वर लावायचा. परत कसे करणार होती ही मुले? सांगायचे काय, माझा गळा त्यांनी वापरला, विचारून वापरला, मी दिला? आणि दिला तर राहिले काय? एकोणीस गाणी. तो ती कधी विसरला नव्हता. कापड धुणाऱ्या मुलीचे, पावसाळी बाजाराचे, दोन अंगाईगीते, तुरुंगातले, बैलगाडीतले, ते एक उडते ज्यात जोहारीला नाचावे लागले आणि त्याचा घोटा मुरगळला. तोंड उघडले. आपण काय बोलणार हे त्याला शेवटच्या क्षणापर्यंत माहीत नव्हते.

"हलाल," तो म्हणाला. इतरांत मिसळून गेले. जिभेने म्हटले होते. जिभेचे तो आयुष्यभर उत्तम करीत आला होता.

हाशिमने त्याच्याकडे पाहून मान लववली, आणि जनाजा उठला.

कबरस्तानात ऊन तिरपे झाले होते. नवी माती तांबूस होती, ओली होती, आणि तिला पत्र्याच्या शेडमधल्या त्या लोकरीसारखा काहीसा वास होता, किंवा तो वास साब्तूने स्वतःबरोबर आणला होता. देहावर फळ्या बसल्या. माणसे एकेक करून पुढे येत, तीन मुठी माती टाकीत आणि बाजूला होत. त्याची पाळी आली. तो खाली बसला. पहिली मूठ उचलली. कापड धुणाऱ्या मुलीचे गाणे. त्याने ते आतल्या आत पहिल्या ओळीपुरते म्हटले, श्वासाच्या जागी श्वास घेतला आणि मूठ सोडली. हलाल. ते गेले. खरेच गेले, बोटांतून माती जाते तसे, वजनासकट. दुसरी मूठ, पावसाळी बाजार. तिसरी, पहिले अंगाईगीत. इथे उठायचे होते.

तो उठला नाही. चौथी मूठ भरली. मागे रांग थांबली, मग त्याला वळसा घालून पुढे सरकली. "जुने दोस्त होते," कुणीतरी म्हणाले, "असू द्या." बैलगाडी गेली. तुरुंग गेला. नाचाचे गाणे टाकताना त्याला जोहारी एका पायावर उड्या मारीत शिव्या देताना दिसला आणि हसू आले. तेही त्याने मातीबरोबर टाकले. काही गाण्यांची मधली कडवी त्याला आठवेनात. तिथे तो क्षणभर थांबे आणि पाठीवर तो मोठा पंजा आल्यासारखे होऊन कडवे येई. ऊन आणखी खाली आले. खड्डा भरणाऱ्या दोघांनी फावडी टेकून ठेवली होती आणि ते आपापसात कुजबुजत होते. साब्तूला कुणाचे काही ऐकू येत नव्हते. त्याच्या आतला तरुण माणूस एका बाजूने बाहेर पडत होता, आणि आपल्याला निरोप द्यायला म्हाताऱ्याला खाली बसवून ठेवीत होता.

शेवटी हात मातीत गेला आणि तिथेच राहिला. एकच गाणे उरले होते. दिव्याचे. ओल्या मातीत बोटे रुतवून त्याने त्याचा विचार केला. हे सोडले की बातू पाहातची ती नऊ वेळा चित्रपटगृहात बसलेली मुलगी कायमची जोहारीची होईल. घरातली बाई जोहारीने दिलेली देणगी ठरेल. हे सोडले नाही तर जोहारी तेवढ्यापुरता अडकून राहील, आणि आपणही. त्याला मौलवींचे बोलणे ठाऊक होते. त्याची त्याला साधी भीतीही वाटली. पण बोटे उघडली ती माती खाली ठेवण्यासाठी, टाकण्यासाठी नव्हे. तेवढे एक आपण दोघे वर गेल्यावर समोरासमोर पाहू, तो जोहारीला म्हणाला. जोहारी नाही म्हणाला नाही.

त्याने तळहात गवताला पुसले. गुडघे लगेच सरळ होईनात. बुसूने काखेत हात घालून त्याला उभे केले.

"तीन पुरतात रे," बुसू म्हणाला. "लहान पोरालाही माहीत असतं. लोक बघत होते. किती टाकल्यास?"

"अठरा," साब्तू म्हणाला.